मुदतबाईंचा सतरावा नियम

विमानतळाच्या मालशेडमध्ये त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. हमालांपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मुदतबाई म्हणत. कारण साधं होतं. परदेशातून आलेलं औषधाचं कुठलंही खोकं उघडलं की बाई कपाळावरचा चष्मा नाकावर घेत आणि आधी मुदत कधी संपते ते बघत. बाकीचं मग. एकदा शेडमधल्या मंडळींनी त्यांच्या वाढदिवसाला केक आणला, तर बाईंनी तारीख बघायला तो डबाच उलटा केला आणि केक एका बाजूने चेपला, हा किस्सा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळे. बाईंच्याही तो कानावर होता. "चेपला, पण ताजा निघाला ना," एवढंच त्या म्हणत.

त्या सरकारी औषध निरीक्षक होत्या. शेडच्या कोपऱ्यात, वजनकाट्याच्या मागे, त्यांची काचेची खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, नमुने ठेवायला छोटा फ्रिज आणि एक लोखंडी कपाट, ज्याचं दार बंद करायला गुडघा लावावा लागे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक औषधाला त्यांची सही लागे. सही झाली नाही तर खोक्यावर लाल पट्टी चिकटे आणि पट्टी लागलेलं खोकं मग जागचं हलत नसे. मोठमोठ्या लोकांचे फोन येत, ओळखी निघत. बाई सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "कागद पाठवा."

बाई इतक्या कडक का, हे शेडमध्ये फार थोड्यांना ठाऊक होतं.

बावीस वर्षांपूर्वी नदीकाठच्या सगळ्या मुलखात पूर आला होता. बाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या, जिल्ह्याच्या औषध भांडारात नव्याने लागलेल्या. त्यांची थोरली बहीण, अक्का, त्याच भागात राहायची. आईवडील लवकर गेल्यावर अक्कानेच शाळेचे गणवेश शिवून धाकटीला शिकवलं होतं. पुरात अक्काचं घर गेलं, शिवणयंत्र गेलं, आणि ती एका शाळेतल्या बायकांच्या छावणीत येऊन राहिली.

चौथ्या दिवसापासून मदत येऊ लागली. चौदा देशांनी औषधं पाठवली होती. भांडाराच्या व्हरांड्यात छतापर्यंत खोकी लागली. कशावर नाव आहे तर भाषा कळत नाही, कशावर नावच नाही. वरून हुकूम आला, आलेलं सगळं छावण्यांकडे सोडा, लोक मरताहेत आणि तुम्ही काय वाचत बसलात. बाई आणि आणखी चौघे जण खाली बसून अंदाजाने गोळ्या वेगळ्या करत होते. एका खोक्यावर अनोळखी लिपी होती आणि वेटोळ्या जंताचं चित्र होतं. जंतांच्या गोळ्या म्हणून त्यांनी त्या बाजूला काढल्या. पुराचं पाणी पिऊन अर्ध्या छावणीची पोटं बिघडली होती, तेव्हा गोळ्या हव्याच होत्या. संध्याकाळी बाई अक्काला भेटायला गेल्या, तेव्हा जाताना एक पाकीट स्वतःच घेऊन गेल्या. अक्काने बहिणीच्या हातून गोळ्या घेतल्या आणि पाण्याबरोबर गिळल्या.

ते औषध मेंढ्यांचं होतं.

दोन दिवसांत छावणीतल्या बायकांना अंधुक दिसू लागलं. एकोणीस जणींना त्रास झाला. आठ जणींची नजर हळूहळू परतली. अकरा जणींची नाही. अक्का त्या अकरांतली.

चौकशी झाली, पण दोष कोणाला लावायचा हेच कळेना. कायद्याची पुस्तकं उलटीपालटी केली गेली. विकत आणलेल्या औषधाला नियम होते, विकायला आणलेल्या औषधालाही होते. संकटात फुकट आलेल्या औषधाबद्दल मात्र एक ओळ नव्हती. हुकूम तोंडी होता, त्यामुळे देणारे साहेब हात वर करून मोकळे झाले. औषध पाठवणाऱ्या देशाने खेद कळवला. समितीने साक्षीला बोलावलं तेव्हा बाईंनी हाताने लिहिलेलं तीन पानी टिपण पुढे ठेवलं. मदतीचं औषध असलं तरी नाव आपल्या भाषेत किंवा सर्वमान्य लिपीत हवं. बनवणाऱ्याची नोंद हवी. मुदत संपायला किमान वर्ष हवं. आणि माल कोणाच्या ताब्यात द्यायचा, त्या नोंदणीकृत संस्थेचं नाव कागदावर हवं. यातली एक गोष्ट जरी नसली तरी माल अडवायचा. समितीला ते पटलं. थोडे शब्द इकडचे तिकडे होऊन त्याचा औषध आयातीचा सतरावा नियम झाला.

नंतरच्या वर्षांत तो नियम वाढत गेला. कोणी वादळानंतर मुदत संपलेल्या सलाइनच्या बाटल्या पाठवल्या, कोणी अर्ध्या वापरलेल्या मलमाच्या ट्यूबा. प्रत्येक वेळी कायदा खात्याने एक पोटकलम जोडलं. नियम मोडून सूट द्यायचा अधिकार फक्त आरोग्य सचिवांकडे ठेवला, म्हणजे खालच्या कोणावर दबाव यायला नको. बाईंना ते तेव्हा चांगलंच वाटलं होतं.

अक्का बाईंकडे राहायला आली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मागे लांबट गॅलरी. स्थळं येत होती, बाई नको म्हणत गेल्या, मग यायची थांबली. अक्का हाताने चाचपून कपड्यांना बटणं लावायची, घड्या घालायची, भाजी निवडायची आणि दिवसभर रेडिओ ऐकायची. तिचा स्वभाव मूळचा फटकळ होता, तो डोळ्यांबरोबर गेला नाही. "माझ्याकडे अशी बघत बसू नकोस," ती जेवता जेवता म्हणायची. "मला दिसत नाही, पण कळतं."

गोळ्यांचा विषय मात्र दोघींत कधी निघाला नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही.

आणि मग एका रविवारी पहाटे डोंगरातल्या शहरात भूकंप झाला.

राजधानीत कपाटावरची भांडी वाजली, तेवढंच. पण दुपारपर्यंत रेडिओवर जे येऊ लागलं ते ऐकून अक्काने हातातली भाजी बाजूला ठेवली. बाजारपेठ जमीनदोस्त झाली होती. इस्पितळाची जुनी इमारत बसली होती. बाई रविवार असूनही शेडमध्ये गेल्या, कारण आता विमानं येणार हे त्यांना ठाऊक होतं.

सोमवारी पाच विमानं आली. बाईंनी पाठ न टेकता माल तपासला. तंबू, ब्लँकेटं, पाण्याच्या टाक्या यांच्याशी त्यांचा संबंध नव्हता, ते सरळ गेलं. औषधांतलं जे नीट होतं ते त्यांनी तासाभरात सोडलं. पण एका देशाच्या बत्तीस खोक्यांत खोकल्याची औषधं निघाली, मुदत कधीच संपलेली. दुसऱ्या खोक्यात कोणाच्या तरी घरातल्या उरलेल्या गोळ्या होत्या, पाकिटं कात्रीने कापलेली. बाईंनी लाल पट्ट्या लावल्या. शेडचे हमाल एरवी त्यांच्यावर कुरकुर करायचे, त्या दिवशी त्यांनीच चहा आणून दिला.

मंगळवारी दुपारी सहावं विमान उतरलं.

त्यात रक्त शुद्ध करायची आठ यंत्रं होती, डायलिसिसची. सोबत त्यांना लागणारी नळकांडी, नळ्या, इंजेक्शनांची काही खोकी आणि द्रावणाचे दोनशे डबे. सगळं नवं कोरं. पण डब्यांवर अनोळखी लिपी होती. बनवणाऱ्या कारखान्याची आपल्याकडे नोंद नव्हती. आणि माल घेणाऱ्याच्या रकान्यात कोणीतरी भाबडेपणाने लिहिलं होतं, "भूकंपग्रस्त बांधवांसाठी."

बाईंनी कागद दोनदा वाचला. मग यंत्रांवर आणि डब्यांवर लाल पट्ट्या लावल्या, सूट मिळावी म्हणून सचिवांच्या कार्यालयाला तातडीचं पत्र पाठवलं आणि त्या देशाच्या वकिलातीकडे लेबलांचा अनुवाद मागितला. त्यांच्या दृष्टीने त्यांनी कसूर केली नव्हती. सचिव भूकंपाच्या भागात दौऱ्यावर होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. वकिलातीने उत्तर दिलं की अनुवाद योग्य मार्गाने, म्हणजे परराष्ट्र खात्यामार्फत येईल.

चार वाजता त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. ओळ खरखरत होती.

"मॅडम, मी डोंगराकडच्या इस्पितळातला किडनीचा डॉक्टर बोलतोय. यंत्रं आलीत असं कळलं."

"आलीत. कागद अपुरे आहेत. सूट मिळावी म्हणून लिहिलंय मी."

"किती वेळ लागेल?"

"सचिव सापडले की लगेच."

मग डॉक्टर सावकाश सांगू लागला, शाळेत मुलांना समजावून सांगतात तसं. माणूस ढिगाऱ्याखाली दहा-बारा तास दबलेला असतो. बाहेर काढल्यावर तो बोलतो, पाणी मागतो, घरच्यांना वाटतं वाचला. पण चेंगरलेल्या मांसातलं विष रक्तात उतरतं आणि किडन्या बंद पडतात. लघवी थांबते. मग दोन-चार दिवसांत हृदय थांबतं. "माझ्याकडे असे तेवीस जण आहेत, मॅडम. शाळेच्या मैदानावर तंबूत आहेत. एकच यंत्र चालू आहे, तेही जनरेटरवर. कोणाला लावायचं ते मी ठरवतोय. हेलिकॉप्टरने काल चौघांना पाठवलं, आज ढगांमुळे उडालंच नाही."

"त्या डब्यांत काय आहे हे तुम्हाला माहीत आहे?"

"त्याच कारखान्याचं द्रावण मी परदेशात शिकताना तीन वर्षं वापरलंय. डबा डोळे मिटून ओळखेन."

डोळे मिटून, हे शब्द बाईंच्या काळजात रुतले. त्या म्हणाल्या, "तुम्ही इस्पितळातर्फे पत्र द्या, माल आम्ही घेतो म्हणून. नोंदणी क्रमांकासह."

"नोंदणीचा कागद इमारतीखाली आहे, मॅडम."

"क्रमांक आठवत असेल."

"मी डॉक्टर आहे हो, कारकून नाही. आणि आमचा कारकून गेला."

बाईंनी क्रमांक शोधायला नोंदणी कार्यालयाला फोन केला. कार्यालय बंद झालं होतं, उद्या बघतो म्हणाले. बुधवारी त्यांनी पाच वेळा सचिवांच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या माणसाने प्रत्येक वेळी नम्रपणे सांगितलं की साहेबांच्या माघारी सूट द्यायचा अधिकार कोणालाच नाही, नियमच तसा आहे. तो नियम तुम्हीच लिहिलात ना, असं तो म्हणाला नाही. त्याला ते माहीतच नव्हतं.

बुधवारी दुपारी डॉक्टरचा पुन्हा फोन आला. तेवीसचे अठरा झाले होते. तो चिडलेला नव्हता. त्याचा आवाज नुसता बसला होता.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या आणि जेवायला बसल्या, पण चमचा उचललाच नाही. अक्काने कान टवकारले.

"चमचा वाजत नाहीये तुझा," ती म्हणाली. "काय झालंय?"

बाईंनी सांगितलं. सगळं, अगदी त्या रकान्यातल्या वाक्यासकट. अक्काने सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिने विचारलं, "मग सोडत का नाहीस?"

"नियम आहे, अक्का."

"कोणी केला?"

बाई पेल्यात पाणी ओतू लागल्या.

"मला माहीत आहे. तेव्हा छावणीतल्या बायकांनी मला येऊन सांगितलं होतं, तुझ्या बहिणीने कायदा करवून घेतला म्हणून. कौतुकाने सांगत होत्या." अक्काने ताटली पुढे सारली. "माझ्यावरून केलास. मला एकदा तरी विचारलंस?"

"तुला काय विचारणार होते? तुझे डोळे मी..."

"मी पूर्ण करते ते वाक्य. माझे डोळे तू दिलेल्या गोळीने गेले. बरं झालं, बोलून टाकलं. आता ऐक. गोळी दिलीस त्याचा मला राग नाही. राग आला तो एका गोष्टीचा. तिथे भांडाराजवळ जनावरांचा डॉक्टर होता. शेजारच्याच इमारतीत. त्याने एका नजरेत ओळखलं असतं, असं नंतर तोच म्हणाला. तुम्ही पाच जण तिथे बसला होतात आणि कोणी उठून विचारायला गेलं नाही. घाई होती ना." तिचा आवाज चढला नव्हता. "आता तो माणूस फोनवर तुला सांगतोय, मला माहीत आहे हे काय आहे. आणि तू त्याचंही ऐकत नाहीस. तेव्हा विचारलं नाहीस, आता सांगणाऱ्याचं ऐकत नाहीस. तुझ्यात फरक काय पडला?"

बाई उठून गॅलरीत गेल्या. बऱ्याच वेळाने आत आल्या, तेव्हा अक्का तशीच टेबलाशी बसली होती. ती म्हणाली, "मी जास्त बोलले."

"नाही," बाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी सात वाजता मुदतबाई शेडमध्ये गेल्या त्या एकट्या नाही. त्यांनी विद्यापीठात ती परकी भाषा शिकवणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला घरून उठवून आणलं होतं. डॉक्टरला फोन लावून तो चालूच ठेवला. शिक्षिका एकेक लेबल मोठ्याने वाचून सांगे, डॉक्टर पलीकडून "बरोबर" म्हणे, आणि बाई वहीत लिहून घेत. बाईंनी सवयीने प्रत्येक डब्याची मुदत पाहिली. दोन खोक्यांतल्या इंजेक्शनांचं नाव डॉक्टरलाही ओळखू येईना, तेव्हा ती दोन त्यांनी अडवूनच ठेवली. बाकी सगळ्यावरच्या लाल पट्ट्या त्यांनी आपल्या हाताने काढल्या. पट्टी सहज निघत नाही, ती न निघण्यासाठीच बनवलेली असते. नखं लावून, ओल्या फडक्याने घासून काढावी लागली. दोन हमाल न सांगता मदतीला येऊन बसले.

सुटका-पत्रावर सचिवांनी दिलेल्या सवलतीचा क्रमांक लिहायची जागा होती. तिथे बाईंनी लिहिलं, "सूट नाही. माझ्या जबाबदारीवर." आणि सही केली.

कस्टम्सचे अधिकारी कागद बघून म्हणाले, "मुदतबाई, हे तुमच्या अंगाशी येईल."

"येऊ दे. ट्रकला आधी जाऊ द्या."

डोंगरातला रस्ता बुधवारी उघडला होता. ट्रक गुरुवारी बारा वाजता निघाला आणि शुक्रवारी पहाटे पोचला. सकाळी आठला पहिलं यंत्र चालू झालं. त्या वेळी मैदानावरच्या तंबूत तेवीसपैकी बारा जण होते. पुढच्या आठवड्यात त्यांतले आणखी तिघे गेले. नऊ वाचले.

डॉक्टरने हे आकडे बाईंना फोनवर सांगितले, कारण त्यांनीच विचारले. मग बाईंनी विचारलं, "मंगळवारीच सोडलं असतं तर?"

"ते मी नाही सांगू शकत, मॅडम. काही जण तरीही गेले असते."

"सगळे?"

"नाही," डॉक्टर म्हणाला. "सगळे नाही."

चौकशी दोन महिन्यांनी झाली. लांब टेबलापलीकडे तिघे बसले होते. नियमभंग उघड होता, त्यात खोदून काढण्यासारखं काही नव्हतं. अध्यक्ष वयस्कर आणि सभ्य होते. त्यांना एकच गोष्ट समजत नव्हती. "दोन खोकी तुम्ही अडवलीत आणि बाकीची सोडलीत. म्हणजे नियम तुम्हाला मान्य होता की नव्हता?"

"नियम मीच लिहिलाय, साहेब."

अध्यक्षांनी फायलीत पाहिलं. तिथे बावीस वर्षांपूर्वीचं टिपण जोडलेलं होतं, पिवळं पडलेलं. त्यांनी ते वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"मग मोडलात का?"

"त्यात मी एक गोष्ट लिहायची विसरले होते. अडवायचं कधी ते लिहिलं. अडवल्यावर विचारायचं कोणाला आणि किती तासांत, ते लिहिलं नाही. पण मला नियम मोडल्याबद्दल काही म्हणायचं नाही. शिक्षा द्यायची तर मंगळवार आणि बुधवारबद्दल द्या."

मंगळवार आणि बुधवारी त्या नियमानेच वागल्या होत्या, त्यामुळे त्याबद्दल शिक्षा देता येत नव्हती. गुरुवारबद्दल त्यांची बदली अभिलेखागारात झाली, जुन्या फायलींच्या तळघरात. शेडमध्ये त्यांच्या जागी आलेला निरीक्षक हुशार होता आणि कागद पुरे असल्याशिवाय कशाला हात लावत नसे.

वसंतात रस्ता नीट झाल्यावर बाई डोंगरातल्या शहरात गेल्या. जाऊ नकोस, असं अक्का म्हणाली होती. त्यांनी डॉक्टरकडून गेलेल्या चौदा जणांची यादी मागून घेतली होती. त्याने आढेवेढे घेतले, पण दिली. पहिलंच घर एका बस ड्रायव्हरचं होतं. घर म्हणजे पत्र्याची तात्पुरती खोली, बाहेर पाण्याचं पिंप, दोरीवर लहान मुलाचे मोजे. ड्रायव्हरची बायको जेमतेम तिशीची. ती कणीक मळत होती, हात तसेच घेऊन दारात आली. बाईंनी आपलं नाव सांगितलं.

"इस्पितळातून आलात का?" तिने विचारलं.

"नाही. विमानतळावरून. यंत्रं माझ्या ताब्यात होती."

ड्रायव्हरच्या बायकोला आधी कळलं नाही. मग हळूहळू कळत गेलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तो गुरुवारी सकाळी गेला," ती म्हणाली. "बुधवारी शुद्धीवर होता. मला म्हणाला, बसच्या किल्ल्या खिशात आहेत, डेपोत दे, नाहीतर लोकांचा खोळंबा होईल. यंत्रं तेव्हा कुठे होती?"

"शेडमध्ये."

"कशी होती? मोडलेली?"

"नाही. चांगली होती."

"मग का ठेवली होती?"

बाईंनी ठरवून आलेलं सगळं सांगायला सुरुवात केली. पूर, मेंढ्यांचं औषध, बहीण, नियम. तीन-चार वाक्यांनंतर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि त्या थांबल्या. त्या बाईच्या हातावरची कणीक वाळून पांढरी पडत होती. तिने पूर्ण ऐकायची वाट पाहिली, आणि पुढे काही येत नाही असं दिसल्यावर म्हणाली, "तुमच्या बहिणीचं वाईट झालं. पण मी त्याचं काय करू?"

"काही नाही. तुम्हाला खरं कळावं, म्हणून आले."

"मला वाटत होतं, उशिरा आली. विमान उशिरा आलं असेल, रस्ता नव्हता, देवाने नाही पोचवली. तेवढ्यावर मी दिवस काढत होते." तिने दाराच्या चौकटीला हात टेकला. "पाणी हवं तर पिंपात आहे. पिऊन घ्या आणि जा."

बाई पाणी प्यायल्या नाहीत. बसथांब्यावर त्या दोन तास बसून राहिल्या. उरलेल्या तेरा घरी त्या गेल्या नाहीत. आपण तिथे सांगायला गेलो होतो की हलकं व्हायला, हे त्यांना त्या बाकावर कळलं, आणि ते कळल्यावर पुढच्या दारात उभं राहायचा धीर झाला नाही.

परत आल्यावर त्यांनी नवं टिपण लिहिलं. तळघरात वेळच वेळ होता. संकटात अडवलेल्या मालाबद्दल सहा तासांच्या आत ते औषध वापरणाऱ्या डॉक्टरशी बोलणं सक्तीचं करावं. इस्पितळांची नोंद आधीच विमानतळावर ठेवावी. परकी लिपी वाचणाऱ्यांची यादी करावी. सूट देणारा गावाला गेला तर त्याच्या जागी कोण, हे लिहून ठेवावं. टिपण खात्याखात्यांतून फिरत राहिलं. अक्का दर रविवारी विचारायची, "कुठे पोचला तुझा कागद?" आणि बाई टेबलाचं नाव सांगायच्या. पाचव्या वर्षी नियम बदलला. इस्पितळांची नोंद आणि लिपी वाचणाऱ्यांची यादी त्यात आली, सचिव नसताना सूट देणारा दुसरा अधिकारीही आला. सहा तासांची सक्ती मात्र गळाली. कायदा खात्याचं म्हणणं पडलं, डॉक्टरशी तोंडी बोलणं हा पुरावा होत नाही.

अक्का तो नियम ऐकायला राहिली नाही. त्याआधीच्या हिवाळ्यात ती न्यूमोनियाने गेली, तीन दिवसांत. शुद्धीत होती तोवर इस्पितळातल्या नर्सला प्रत्येक गोळी कसली ते विचारून मगच घेत होती, आणि नर्स कंटाळली की म्हणायची, "सांगा हो, माझी धाकटी बहीण ऐकतेय."

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. दोन खोल्यांतली एक त्यांनी बंद ठेवली आहे. वर्षातून एकदा नव्या निरीक्षकांच्या प्रशिक्षणाला त्यांना बोलावतात. त्या पूर सांगतात, भूकंप सांगतात, आपण काय केलं ते दिवसवार सांगतात. आवाज चढवत नाहीत, डोळे पुसत नाहीत. परवाच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "पण मॅडम, मंगळवारी दुपारी तुमच्याकडे कागद नव्हतेच. मग तुम्ही करायला काय हवं होतं?"

"डॉक्टरचा फोन चार वाजता आला," बाई म्हणाल्या. "विमान बारालाच उतरलं होतं. मधले चार तास मी त्याला फोन केला नाही. मला नंबर माहीत नव्हता, आणि मी तो शोधलाही नाही."

मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. बाईंनी आपली पिशवी उचलली आणि पुढच्या तासाच्या शिक्षकांसाठी फळा पुसून ठेवला.